खंदकाचं पाणी: सहावा आणि बारावा आकडा

‘सुपर मारिओ ६४’ हा निन्टेन्डो ६४ या गेम कन्सोलवरचा १९९६ चा खेळ; त्याचा नायक मारिओ. त्यात किल्ल्याभोवतीचा खंदक रिकामा करता येतो. तळघरातले दोन खांब दणका देऊन खाली बसवले की बाहेरचं पाणी उतरतं. त्या खंदकानेच मला या खेळातल्या पाण्याची सगळी मांडणी दाखवली, आणि ती अजून डोक्यातून जात नाही.

जुन्या खेळांच्या लेव्हल उघडून पाहता येतील असं टूल आम्ही बनवतो. रॉममधला, म्हणजे खेळाच्या मूळ फाइलमधला डेटा मोकळा करायचा आणि मग हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट सोळाच्या पायातल्या (हेक्स) आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आकडे वाचत बसायचं. जमीन आणि भिंती लगेच हाती लागतात: आधी बिंदूंची यादी, मग त्रिकोणांची. पाण्याचे त्रिकोण मात्र त्यात कुठेच नव्हते. आमचे टीमलीड म्हणाले, “अरे, स्क्रीनवर निळं दिसतंय ना, तेच मोज.” दिसेल ते मोजून पुढे सरकायची ही घाई या कामाला मारक आहे.

त्रिकोण संपल्यावर पुढे हेक्समध्ये ४४ ही खूण येते. तिच्यामागे एक छोटी संख्या आणि मग १६-बिटी (प्रत्येकी दोन बाइटच्या) आकड्यांची रांग. सहा-सहाचे गट दिसत होते, पण नुसत्या दिसण्यावर मी टूल उभं करत नाही. पुरावा खेळाच्या कोडमध्ये मिळाला. खंदक रिकामा झाल्याची नोंद सेव्हमध्ये असेल, तर खेळ याच यादीत दोन जागी उणे ८०० लिहितो: सहाव्या आणि बाराव्या. शून्याव्या जागी गटांची संख्या, म्हणजे सहावी जागा पहिल्या गटाच्या शेवटची आणि बारावी दुसऱ्याच्या. शेवटचा आकडा पाण्याची पातळी! उरलेल्यांत पहिला ओळख क्रमांक आणि मधले चार म्हणजे पाण्याच्या आयताच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांच्या जागा. हेक्समधले ‘एफसी ई०’ म्हणजेच ते उणे ८००, हे तेव्हा मी कागदावर पुन्हा मांडून पाहिलं.

पाणी शोधणारं फंक्शन वाचून तर मी थक्क झालो. मारिओ कोणत्या आयतात उभा आहे एवढंच ते बघतं आणि पहिला जुळेल त्याची पातळी परत देतं. एकही जुळला नाही तर उणे ११०००. तळाचा आकडाच नाही, त्यामुळे पातळीखालचं सगळं पाणीच. मारिओ पातळीच्या १०० एककं खाली गेला की पोहू लागतो. आयत तिरका ठेवता येत नाही, म्हणून गोल तळ्यालाही चौकोनी पाणीच मिळतं आणि जादा कोपरे काठाच्या जमिनीखाली दडतात. दिसणाऱ्या पाण्याचा आकार वेगळ्या डेटात असतो, पण त्याची उंची ओळख क्रमांकावरून याच यादीतून येते. म्हणूनच एक आकडा बदलला की दिसणारं आणि पोहायचं पाणी एकदम उतरतं. ‘हेझी मेझ केव्ह’ या लेव्हलमधला विषारी वायूही याच यादीत आहे, फक्त ५० किंवा पुढच्या क्रमांकाने.

याला ‘जुगाड’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक चित्राला, हा प्रश्न विचारायचा, तर उत्तर इतकंच स्वस्त हवं.

आमच्या टूलमध्ये पाणी कसं दाखवायचं यावर अजून वाद चालू आहे. टीमलीडना काठाला धरून कापलेलं सुबक तळं हवंय. मला जमिनीच्या आरपार गेलेला पुरा आयत हवाय, कारण खेळ तोच वाचतो.