रावेन्नाच्या भिंतीवर उरलेले हात

व्हेनिस आणि फ्लॉरेन्स पाहून झाले, त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते रावेन्नातल्या सांत अपोलिनारे नुओव्हो या चर्चच्या उजव्या भिंतीविषयी.

दारापासून जवळच तिथे मोझेकमध्ये, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रात, थिओडोरिक राजाचा प्रासाद आहे. सोनेरी कमानींत गाठी मारलेले पांढरे पडदे लोंबताना दिसतात. थोडे थांबून पाहिले, तर खांबांवर मनगटे आणि बोटे दिसू लागतात. पण ज्यांचे ते हात, ती माणसे कुठेच नाहीत. मान दुखेपर्यंत मी ते पाहत होतो. तेवढ्यात एका मोठ्या गटाचा गाइड पलीकडच्या हुतात्म्यांची रांग दाखवून सगळ्यांना पुढे घेऊन गेला, याचा मला मनस्वी राग आला.

थिओडोरिकने ४९३ ते ५२६ या काळात इटलीवर राज्य केले आणि हे चर्च आपल्या प्रासादासाठी बांधले. तो ऑस्ट्रोगॉथ, म्हणजे गॉथ या जर्मानिक लोकांच्या पूर्वेकडच्या शाखेतला होता आणि त्याच्या लोकांप्रमाणेच एरियसचे मत मानणारा होता. पित्याने पुत्राला निर्माण केले, म्हणून ख्रिस्त पित्यासारखा अनादी नाही, असे अलेक्झांड्रियाच्या या धर्मगुरूचे म्हणणे होते. ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेने ते पाखंड ठरवले आणि पिता व पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत असा निर्णय दिला. तरी गॉथांमध्ये ते मत टिकून राहिले. ५४० मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या सैन्याने रावेन्ना घेतले. पुढे सम्राट जस्टिनियनने एरियसपंथीयांची चर्चे कॅथलिकांच्या हवाली केली आणि बिशप अग्नेल्लुसच्या काळात कमानींतल्या आकृती, ज्या बहुधा राजाच्या आणि दरबाऱ्यांच्या होत्या, काढून तिथे पडदे बसवले गेले. खांबांवर आलेले हात तेवढे राहिले. चर्चही पाखंडाचा शत्रू मानलेल्या संत मार्टिनला अर्पण झाले आणि हुतात्म्यांच्या रांगेत तोच सर्वांत पुढे उभा आहे.

दुपारी एरियसपंथीयांचे बाप्तिस्मागृह पाहिले. घुमटात पाण्यात उभा असलेला, दाढी न फुटलेला ख्रिस्त, एका बाजूला त्याला बाप्तिस्मा देणारा योहान आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर खेकड्याच्या नांग्या असलेली जॉर्डन नदीची मानवी आकृती. कॅथलिकांच्या जुन्या बाप्तिस्मागृहातही हाच प्रसंग आहे, भोवती तेच बारा प्रेषित आहेत. ज्या मतभेदापायी भिंतीवरची माणसे पुसली गेली, तो या दोन घुमटांत शोधूनही मला दिसला नाही. एरियसपंथीयांच्या वास्तूचे तिकीट वेगळे काढावे लागते, म्हणून अनेक जण ती वगळतात. मला मात्र एकीवाचून दुसरी पाहणे अपुरे वाटते.