डीपीकेजीच्या पाठीमागून

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स आहे आणि घरापुरता डीएनएस (नावावरून नेटवरचा पत्ता सांगणारी सेवा) मी त्यावरच चालवते. तो तपासायला कर्ल या नेटवरून माहिती आणणाऱ्या प्रोग्रामचा 'डीएनएस-सर्व्हर्स' (कोणत्या डीएनएसला विचारायचं ते सांगणारा) हा पर्याय हवा होता. त्यासाठी कर्लची लायब्ररी लिबकर्ल ही सी-एअर्स (डीएनएसला विचारणारी दुसरी लायब्ररी) घालून बिल्ड केलेली लागते. डेबियनची तशी नसते.

मग काय, सोर्स उतरवला, कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल. पर्याय चालला. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सीमेक हा बिल्डसाठीचा प्रोग्राम चालवला तर पहिलीच ओळ: लिबकर्ल डॉट एसओ डॉट ४ मध्ये 'नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल'. प्रोग्राम कोणत्या लायब्ररी उचलतो ते दाखवणाऱ्या एलडीडीने बघितलं, तर सीमेक माझीच लिबकर्ल उचलत होता. स्वतः बिल्ड केलेलं जिथे जातं त्या यूएसआर-लोकलमधली लायब्ररी लोडरला (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्याला) आधी सापडते आणि दोन्हींचं सोनेम (लोडर ज्या नावाने शोधतो ते) एकच. पण डेबियन सिम्बॉलवर (लायब्ररीतल्या फंक्शनांच्या नावांवर) आवृत्तीचा शिक्का मारतं, मूळ सोर्समध्ये तो पर्याय आपणहून चालू नसतो. ही नुसती कुरकुर होती. खरं नुकसान नंतर दिसलं: एनजीएचटीटीपी२ या एचटीटीपी/२ च्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज (बिल्डला लागणाऱ्या फाइल) नव्हतं म्हणून कॉन्फिगरने एचटीटीपी/२ गुपचूप गाळलं होतं. डेबियनच्या पॅकेजेसची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या हिशेबी सगळं आलबेल.

मेक अनइन्स्टॉल केलं, लोडरची यादी ताजी करणारं एलडीकॉन्फिग चालवलं. तरी बॅश (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा) जुन्याच कर्लला शोधत बसला. त्याने पत्ता पाठ करून ठेवला होता! हॅश डॅश आर केल्यावर विसरला.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. एपीटी सोर्सने डेबियनचाच सोर्स घेतला, बिल्ड-डेपने लागणारी पॅकेजेस आणली, बिल्ड कसं करायचं ते सांगणाऱ्या रूल्स फाइलमध्ये 'एनेबल-एअर्स' घातलं, काय काय लागतं ते लिहिलेल्या कंट्रोलमध्ये सी-एअर्सचं डेव्ह पॅकेज. डीसीएचने आवृत्तीला 'घरचा१' असं शेपूट लावलं आणि डीपीकेजी-बिल्डपॅकेज चालू करून जेवायला बसले. तयार लिबकर्ल४ च्या डिपेंड्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) सी-एअर्सचं नाव आपोआप आलं होतं, मी लिहिलं नव्हतं. कर्ल आणि लिबकर्ल४ मात्र एकत्रच इन्स्टॉल करावी लागतात.

होल्ड लावायचा (पॅकेज अपडेट होऊ न देण्याचा) मोह झाला, लावला नाही. कर्लसारख्या, सतत बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या लायब्ररीचे सुरक्षा अपडेट अडवणं मला पटत नाही. आवृत्तीच्या शेवटी 'यू८ घरचा१' पेक्षा डेबियनचा पुढचा 'यू९' मोठाच ठरतो, म्हणजे नवं अपडेट आलं की माझा बदल पुसला जाणार. पुसू दे. रूल्समधली ती एक ओळ मी पॅच करून ठेवली आहे; पर्याय चालेनासा झाला की पुन्हा बिल्ड लावते आणि जेवायला बसते.