रंग गेला, पण कशानं?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आठवणी भरपूर येतील. मी त्याऐवजी आपल्या प्रयोगशाळेतल्या असंपृक्ततेच्या परीक्षेबद्दल लिहितो, सध्या बारावीत असलेल्यांच्या कामी येईल म्हणून.

ब्रोमीन पाण्याचा रंग उडाला की संयुग असंपृक्त, म्हणजे त्यात कार्बन-कार्बन दुहेरी किंवा तिहेरी बंध आहे, हे सगळ्यांचं पाठ असतं. पण रंग घालवणारे इतरही असतात. एथेनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल १७० अंशांच्या आसपास तापवून एथिलीन काढताना थोडं अल्कोहोल करपतं आणि सल्फर डायऑक्साइड निघतो. तो ब्रोमीन पाणी आणि (असंपृक्ततेच्या दुसऱ्या परीक्षेतलं) पोटॅशिअम परमँगनेट दोन्हींचा रंग घालवतो. म्हणून वायू आधी सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून न्यायचा. कार्बाइडच्या ॲसिटिलीनसोबत फॉस्फीन आणि हायड्रोजन सल्फाइड येतात (तो उग्र वास मुख्यतः त्यांचाच). तिथे मोरचुदाचं आम्लयुक्त द्रावण लागतं.

बेयर परीक्षेसाठी, म्हणजे परमँगनेटच्या परीक्षेसाठी, नमुन्याचे २-३ थेंब २ मिली पाण्यात किंवा ॲसिटोनमध्ये घ्या. १ टक्का परमँगनेट थंडच, थेंबाथेंबानं, नळी हलवत घाला. जांभळा रंग जाऊन तपकिरी मँगनीज डायऑक्साइड दिसला पाहिजे. एथेनॉल द्रावक म्हणून नको, त्याचंच हळूहळू ऑक्सिडीकरण होतं. ॲसिटोनही अशुद्ध असू शकतं, म्हणून शेजारच्या नळीत नुसतं द्रावक घेऊन तेवढेच थेंब टाका. वेळ वाचवायला बहुतेक जण नेमकं हेच गाळतात. एकाच थेंबाचा रंग गेला तर ती अशुद्धीचीही करामत असू शकते. अल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्लही फसवतात. नमुना सिनॅमिक आम्लाचा असेल तर ते पाण्यात नीट विरघळत नाही. ते सोडिअम कार्बोनेटच्या द्रावणात घ्यावं.

फिनॉल आणि ॲनिलीन ब्रोमीन पाण्याचा रंग घालवतात, पण पांढरा अवक्षेप देऊन. डायक्लोरोमिथेनमधलं ब्रोमीन वापरलं आणि नळीच्या तोंडाशी धूर आला, तर हायड्रोजन ब्रोमाइड सुटतोय, म्हणजे ही समावेशन अभिक्रिया (ब्रोमीन बंधावर जोडला जाणं) नव्हे, प्रतियोजन (हायड्रोजनची जागा ब्रोमीननं घेणं). उन्हात अल्केनही (फक्त एकेरी बंधांची संपृक्त हायड्रोकार्बन) असंच करतात, तेव्हा नळी खिडकीपासून लांब ठेवा. बेंझीन मात्र दोन्ही परीक्षांना दाद देत नाही.

साखळीच्या टोकाला तिहेरी बंध असेल तर अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट पांढरा अवक्षेप देतं. तो वाळला की स्फोटक. गाळून ठेवू नका; ओला असतानाच विरल नायट्रिक आम्ल घालून नष्ट करा, मगच नळी धुवा.