तुम्ही विचारलंत म्हणून: आठवी ग्रेड झाली, आता सालसा

"क्लासिकल पियानोची आठवी ग्रेड झाली आहे. सालसा बँडमध्ये वाजवायचं तर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल का?" मुंबई, पुणे, पणजीकडून हा प्रश्न सारखा येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

बोटं पुन्हा घडवावी लागत नाहीत. स्केल्स, सप्तकांचे व्यायाम, दोन्ही हातांचा स्वतंत्रपणा हे सगळं कामी येतं. बदलावी लागते ती ठेका ऐकायची सवय, आणि ती बोटांपेक्षा हट्टी असते.

सालसा, म्हणजे लॅटिन अमेरिकी नाचाचं संगीत, क्लावेवर चालतो. लाकडाच्या दोन दांड्यांवर वाजणारे पाच ठोके आणि दोन बारचं, म्हणजे ठेक्याच्या दोन समान विभागांचं, आवर्तन, एवढाच त्याचा पसारा. त्या आवर्तनाचे सोळा समान भाग करा आणि तीनतालासारखे मोजा. 'दोन-तीन' क्लावेचे ठोके, म्हणजे पहिल्या बारमध्ये दोन आणि दुसऱ्यात तीन, ३, ५, ९, १२ आणि १५ वर पडतात. आता मोन्तुनो घ्या. गाणं रंगात आलं की पियानोवर सतत फिरत राहणारी आकृती ती हीच. तिचा सर्वांत रुळलेला साचा असा: १, ३, ४, ६, ८, १०, १२, १४, १६. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून बघा. मोन्तुनोच्या नऊ आघातांपैकी क्लावेशी जुळतात फक्त दोन, ३ आणि १२. शिवाय ४ नंतर पियानो विषम मात्रेवर येतच नाही, तो थेट पुढच्या १ वरच उतरतो.

बास वाजतो ४, ७, १२, १५ वर. पहिली मात्रा त्याने मोकळी सोडलेली असते. आपल्याकडचा कान समेवर सगळ्यांच्या भेटीची वाट बघतो, आणि इथे नेमका बासच तिथे नसतो. तो ७ आणि १५ वर पुढच्या बारचा कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) आधीच वाजवून मोकळा झालेला असतो. पियानोही ८ आणि १६ वर पुढच्या कॉर्डमध्ये शिरतो. समजा पहिल्या बारचा कॉर्ड सी मायनर आणि दुसऱ्याचा जी सेव्हन आहे. मग ८ पासून १४ पर्यंत जी सेव्हन, आणि १६ ला पुन्हा सी मायनर. क्लासिकलमधून आलेले जवळजवळ सगळे वादक कॉर्ड बारच्या रेघेवर बदलतात. मग एका क्षणापुरते बास आणि पियानो वेगवेगळ्या कॉर्डवर असतात, आणि ऐकणाऱ्याला काय चुकतंय ते कळत नाही, नुसतं खुपतं.

मोन्तुनोची ही आकृती मुळात पियानोची नाही. ती क्यूबाच्या त्रेसवरून आली. त्रेस म्हणजे तीन जोडतारांची गिटार, आणि जोडीतल्या दोन तारा काही ठिकाणी सप्तकाच्या अंतराने लावलेल्या असतात. १९४० च्या सुमारास आर्सेनियो रोद्रिगेस यांनी आपल्या ताफ्यात पियानो, कोंगा (हाताने वाजवायचा उभा ढोल) आणि जास्तीचे ट्रम्पेट आणले, आणि त्रेसचं काम पियानोही करू लागला. सप्तकात, कोरडं, तुटक का वाजवायचं याचं उत्तर त्या तारांमध्ये आहे. म्हणून उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी सप्तक धरतात, मधली बोटं कॉर्डचे उरलेले स्वर घेतात, आणि डावा हात खालच्या सप्तकात तोच ठेका धरतो. पेडलवरचा पाय काढून घ्या. पेडलने स्वरांमधल्या फटी बुजतात, आणि मोन्तुनोचा जीव त्या फटींतच असतो.

याच रोद्रिगेस यांच्या ताफ्यात १९४० च्या दशकात रुबेन गोन्सालेस पियानो वाजवत. सिएनफ्वेगोसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकलेले, पुढे सुमारे पंचवीस वर्षं एनरिके होर्रीन यांच्या चा-चा-चा वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात, मग निवृत्ती. सत्तरी ओलांडल्यावर, १९९६ साली, हवानाच्या एग्रेम स्टुडिओत त्यांचं ध्वनिमुद्रण झालं आणि मग जगाला त्यांचं नाव कळलं. त्यांचा उजवा हात नीट ऐका. झरझर उतरणाऱ्या धावांमध्ये कॉन्झर्व्हेटरी लपत नाही, पण ठेका कुठेही सैल होत नाही. न्यूयॉर्कचे एडी पाल्मिएरी लहानपणी क्लासिकल शिकले, तेराव्या वर्षी नातेवाइकाच्या बँडमध्ये तिंबाल्सवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या ढोलांच्या जोडीवर, बसले आणि पुन्हा पियानोकडे वळले. त्यांच्या वादनात तो तालवादक कायम राहिला. माझं मत विचाराल तर हाच सर्वांत खात्रीचा रस्ता: सहा महिने कोंगा किंवा तिंबाल्स शिका. मिशेल कामिलो सोळाव्या वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकच्या राष्ट्रीय सिम्फनीत होते, म्हणजे एका दारातून आत गेलं की दुसरं बंद होतं असं मुळीच नाही.

सराव असा करा. आधी पियानोपासून लांब उभे राहा. पावलं १, ५, ९, १३ वर, टाळ्या क्लावेवर. हे पाच मिनिटं न चुकता जमलं की डाव्या हाताने पियानोच्या झाकणावर क्लावे आणि उजव्या हाताने मोन्तुनो. मेट्रोनोम ६० वर, आवर्तनात चार टिकटिक. मग चार-चारने वाढवत १०० पर्यंत. १०० ला एक आवर्तन २.४ सेकंदांत संपतं, म्हणजे चार मिनिटांच्या मोन्तुनोत तेच दोन बार शंभर वेळा. तिथे मनगट आवळलेलं असेल तर तिसाव्या फेरीलाच कोपरापर्यंत दुखू लागतं. तसं झालं तर थांबा, वेग कमी करा, दुखणं रेटू नका. आणि कंटाळून मधे नक्षी घालू नका. नाचणाऱ्यांना तीच आकृती तशीच हवी असते.

सर्वांत वाईट चूक म्हणजे क्लावे उलटा धरणं. याला स्पॅनिशमध्ये 'क्रुसादो' म्हणतात. आकृती बरोबर, वेग बरोबर, पण तुम्ही एक बार पुढे-मागे शिरलात, आणि सगळा बँड अडखळतो. कधी मधलाच एखादा भाग विषम बारांचा असतो, आणि तिथून गाणं 'दोन-तीन'चं 'तीन-दोन' होतं. क्लावे तसाच अखंड चालू असतो, बदलते ती सुरावट. अशा वेळी नोटेशनच्या पानाकडे बघून उपयोग नाही. पानावर बहुतेकदा दोन बार लिहिलेले असतात, पुढे नुसत्या तिरप्या रेघा आणि कॉर्डची नावं, आणि वर 'खुणेपर्यंत' अशी सूचना. म्हणून पहिल्या तालमीला गेलात की कॉर्ड विचारण्याआधी गाणं दोन-तीन आहे की तीन-दोन ते विचारा, आणि बँडचा म्होरक्या दिसेल अशा बाजूला पियानो ठेवायला सांगा.