मॉन्टे कॅसिनो: अर्धं राहिलेलं प्रकरण

रोमहून कॅसिनोला जाणाऱ्या गाडीत माझ्या मांडीवर एक जाडजूड पुस्तक होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या लढाईचं. त्यात खूण म्हणून औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी अडकवलेली होती. ती पत्नीने ठेवली होती. सव्वा वर्ष मी ती हलवली नव्हती.

ती इतिहासाची शिक्षिका. शेवटची दोन वर्षं तिला दिसेनासं झालं, तेव्हापासून रात्रीचं जेवण झालं की मी वाचायचो आणि ती ऐकायची. नकाशा आला की म्हणायची, "थांबा. टेकडी कुठे, नदी कुठे ते सांगा." मग मी तिचं बोट धरून पानावरून फिरवायचो. त्या रात्री आम्ही 14 फेब्रुवारी 1944पर्यंत आलो होतो. एवढ्यात फोन वाजला. मंडळीतले एक आजोबा अखेरच्या घटका मोजत होते. मी चर्चचा पाळक म्हणून निवृत्त झालो होतो, नवे पाळक जाणारच होते. तरी मी उठलो. ती म्हणाली, "अहो, आज राहा ना. एवढं प्रकरण संपवू." मी म्हटलं, उद्या. पहाटे परतलो तेव्हा ती बोलण्याच्या पलीकडे गेली होती. चार दिवसांनी गेली.

कॅसिनो गावातून वळणावळणाचा रस्ता मठाकडे चढतो. सुमारे पाचशे मीटर उंचीच्या या डोंगरावर संत बेनेडिक्टने साधारण 529 साली मठ स्थापला. इथेच त्याने संन्याशांसाठी नियम लिहिले. त्यात वाचनाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. जेवताना एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं. उपवासकाळात प्रत्येकाने ग्रंथालयातून एक पुस्तक घ्यायचं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. हा नियम तिला फार आवडला असता. अर्धवट सोडलेलं पुस्तक तिला खपत नसे.

1943च्या शरद ऋतूत युद्ध जवळ येऊ लागलं, तेव्हा युलियस श्लेगेल आणि मॅक्सिमिलियन बेकर या जर्मन सैन्यातल्या दोन अधिकाऱ्यांनी मठातले ग्रंथ आणि हस्तलिखितं ट्रकमध्ये भरून हलवायची व्यवस्था केली. म्हणून तो ठेवा वाचला. आणि दुसऱ्या, म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या, बाजूचा सेनापतीही पुस्तकच शोधत होता. चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या जनरल टकरला आपल्या सैनिकांना ज्या मठाखालून चढायचं आहे, त्याच्या भिंती किती जाड आहेत हे कोणी सांगेना. शेवटी नेपल्समध्ये त्याला 1879 सालचं एक पुस्तक मिळालं. भिंती निदान दहा फूट जाड असल्याचं त्यातून कळलं. हा डोंगर टाळून वळसा घालावा असं त्याचं मत होतं. पण वरच चढायचं असेल, तर आधी जबर बाँबफेक हवी, असं त्याने कळवलं.

15 फेब्रुवारीला दोनशेहून अधिक विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आत जर्मन सैनिक नव्हते. मेले ते आसऱ्याला आलेले गावकरी. लगेच वर चढायला पायदळाची तयारीही झाली नव्हती. पुढे जर्मनांनी ढिगाऱ्यांतच मोर्चे बांधले आणि लढाई 18 मेपर्यंत चालली. टकरला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, त्याला आपली माणसं वाचवायची होती. पण ग्रंथ हलवायला सवड मिळाली आणि त्या बायकामुलांना मिळाली नाही, हे मला आजही गिळवत नाही.

मठ आता पूर्ववत उभा आहे. 1964मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचं पुन्हा समर्पण केलं. पांढरा दगड, स्वच्छ अंगण, सगळं नवं. मला मात्र वेदीखालच्या थडग्यापाशीच थांबावंसं वाटलं. तिथे बेनेडिक्ट आणि त्याची बहीण स्कोलास्टिका शेजारी विसावले आहेत.

त्या दोघांची गोष्ट अशी. भाऊबहीण वर्षातून एकदा भेटायचे. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, आज रात्री जाऊ नकोस, पहाटेपर्यंत बोलत बसू. नियम मोडेल म्हणून तो उठला. तिने हात जोडून प्रार्थना केली आणि असा वादळी पाऊस कोसळला की त्याला उंबरठा ओलांडता आला नाही. तीन दिवसांनी ती वारली. स्वतःसाठी बांधलेल्या थडग्यात त्याने तिला ठेवलं. तरुणपणी मी ही गोष्ट वाचली होती आणि चमत्काराची गोष्ट म्हणून विसरूनही गेलो होतो. तिथे उभा होतो आणि मनात एकच आलं, आमच्याकडे त्या रात्री आभाळ निरभ्र होतं.

दुपारी खाली राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशानात गेलो. चार हजारांहून अधिक कबरी. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर कोरलंय, हा फक्त देवाला ठाऊक. हे शब्द इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगने सुचवले. त्याचा अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या महायुद्धात, 1915मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत गेला आणि बापाला हयातीत त्याची कबर सापडली नाही.

मधोमध हिरव्या संगमरवरी शिळांवर, ज्यांची कबरच नाही अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं आहेत. नाईक यशवंत घाडगे तिथेच आहेत. मराठा लाइट इन्फंट्री, वय 22. इटलीत 10 जुलै 1944 रोजी त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर झेप घेतली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं आणि लगेच स्वतः गोळीला बळी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी आयुष्यभर कबरीच्या कडेला उभं राहून माणसांची नावं मोठ्याने घेत आलो. पत्नीच्या वेळी तेवढं जमलं नाही, नाव घ्यायच्या आधीच आवाज गेला आणि नव्या पाळकांनी पुढचा विधी केला. इथे घाडग्यांचं नाव घेतलं, मग खालचं, मग त्याच्या खालचं. आवाज टिकला.

मग मठ समोर दिसेल अशा बाकावर बसलो. पट्टी काढली आणि जिथे थांबलो होतो तिथून मोठ्याने वाचायला लागलो. बाँबफेक आली. जवळपास ऐंशीचे मठाधिपती दियामारे 17 फेब्रुवारीच्या पहाटे वाचलेल्यांना घेऊन डोंगर उतरतात, तेही आलं. पुढच्या पानावर नकाशा होता. थांबलो. डावीकडे रस्ता चढतो, म्हटलं, मध्ये झाडी आहे, वर मठ, पांढरा, लांबलचक, आणि नदी खाली, उजव्या हाताला. मग पान उलटलं.