लाँग रॉड निवडताना: आधी खांदा, मग लांबी

धनुष्य घेताना लिंब (वाकणारी पाती) किती पाउंडांचे, रायझर (मधला, हाताने धरायचा भाग) 23 इंची की 25 इंची, बाण कोणत्या स्पाइनचे (ताठपणाचे), यावर आपल्याकडे बरीच चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. लाँग रॉडची, म्हणजे धनुष्य स्थिर राहावे म्हणून त्याला पुढे लावायच्या लांब दांड्याची, वेळ आली की मात्र दुकानदार जो देईल किंवा शेजारच्या लेनवरच्या खेळाडूकडे जो असेल, तोच घेतला जातो. रॉड चुकीचा निवडल्यामुळे फुकट जाणारे गुण मी मैदानावर वरचेवर पाहतो, म्हणूनच या एका वस्तूविषयी जरा सविस्तर लिहावेसे वाटले. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की रॉडची निवड कॅटलॉगपासून नव्हे, तर धनुष्य पेलणाऱ्या खांद्यापासून सुरू करावी. खांद्याला शेवटच्या बाणापर्यंत किती वजन पेलवते हे आधी ठरवावे, ते वजन शक्य तितक्या लांबवर न्यावे, आणि एवढे झाल्यावरच रॉडचा ताठपणा, जाडी आणि किंमत यांकडे वळावे.

लाँग रॉड काम कसे करतो हे समजले की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सोपे होतात. दोरीवरून चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब बांबू आडवा धरते, तो ज्या कारणासाठी धरते त्याच कारणासाठी आपण रायझरला रॉड लावतो. वजन अक्षापासून जितके दूर, तितकी ती वस्तू फिरवायला जड जाते. या जडपणाचे गणित अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणजे तेच वजन दुप्पट अंतरावर नेले तर धनुष्य वळवण्यासाठी चौपट जोर लागतो. हाताची बारीक थरथर, दोरी सोडताना बोटांनी दिलेला किंचित हिसका, पकडीतला थोडासा पीळ, या सगळ्यांना बाण दोरी सोडून जाईपर्यंत धनुष्य हलवायला फारच थोडा अवधी मिळतो. तेवढ्या अवधीत धनुष्य कमीत कमी वळावे, यासाठीच हा सारा खटाटोप असतो.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. टोकावरचे वजन धनुष्याचे तोंड खाली ओढते, आणि ही ओढ अंतराच्या वर्गाने नव्हे, तर साध्या पटीने वाढते. उदाहरणार्थ, 24 इंची रॉडच्या टोकाला 5 औंस आणि 30 इंची रॉडच्या टोकाला 4 औंस वजन लावले, तर दोन्ही वेळा हाताला जाणवणारी खालची ओढ सारखीच असते, कारण दोन्हींचा गुणाकार 120 येतो. फिरण्याला होणारा विरोध मात्र पहिल्या जोडणीत 2880 आणि दुसरीत 3600, म्हणजे लांब रॉडमध्ये 25 टक्क्यांनी जास्त. रॉडचे स्वतःचे वजन या हिशेबात धरलेले नाही, तरीही दिशा स्पष्ट आहे. एक औंस म्हणजे जवळपास 28 ग्रॅम, आणि एवढ्या वजनाने हात हलका होऊनही स्थिरता वाढते. म्हणून स्थिरता कमी पडते असे वाटले की लगेच आणखी एक वजन चढवण्याची जी सवय दिसते, ती मला पटत नाही. आधी लांबीकडे पाहावे.

असे असेल तर सगळ्यांनी 40 इंची रॉड का वापरू नये, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ताठपणात आहे. एका टोकाला घट्ट बसवलेली नळी तेवढ्याच जोराखाली किती वाकेल, हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. त्यामुळे त्याच जाडीची, त्याच कार्बनची नळी 24 इंचांवरून 30 इंचांवर नेली की ती जवळजवळ दुप्पट वाकते. वाकणारा रॉड टोकावरचे वजन रायझरशी घट्ट जोडून ठेवत नाही. रायझर आधी हलतो आणि वजन मागाहून येते, म्हणजे ज्या क्षणी विरोध हवा असतो, नेमका त्याच क्षणी तो कमी पडतो. शिवाय निशाण धरताना असा रॉड हलकेच झुलत राहतो आणि तो झोका साइटच्या पिनमध्ये, म्हणजे निशाण साधायच्या खुणेत, उतरतो. नळी जाड केली की ताठपणा झपाट्याने वाढतो, पण जाड नळीला आडवा वारा जास्त लागतो. आपल्याकडे दुपारनंतर उघड्या मैदानावर वारा सुटला की 70 मीटरवर रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) खेळणाऱ्याला हे लगेच कळते, कारण पिन सोनेरी वर्तुळाच्या एका बाजूला ढकलली जाते आणि खेळाडू नकळत तिच्याशी झगडू लागतो. बारीक असूनही ताठ असलेली नळी उच्च प्रतीच्या कार्बनची असावी लागते आणि महाग रॉडची किंमत मुख्यतः त्यासाठीच मोजलेली असते. ज्याचे बहुतेक सामने इनडोअर, 18 मीटरवर होतात, त्याने बारीक नळीसाठी जादा पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. त्याला जाडसर, ताठ आणि स्वस्त रॉड तितकाच उपयोगी पडतो.

या सगळ्या ओढाताणीतून व्यवहारात बहुतेक रिकर्व्ह खेळाडू 26 ते 30 इंचांच्या आसपास आणि कंपाउंडवाले (टोकांना चाके असलेल्या धनुष्याचे खेळाडू) साधारण 30 ते 33 इंचांच्या आसपास येऊन थांबतात. हे आकडे नियमातले नाहीत, अनुभवातून ठरलेले आहेत. रिकर्व्हमध्ये रायझर आणि व्ही-बार (बाजूचे आखूड साइड रॉड बसवायचा तुकडा) यांच्यामध्ये 3 ते 5 इंचांचा एक्स्टेंडर, म्हणजे जोडदांडा, लावण्याची पद्धत आहे, आणि तो लावायचा असेल तर रॉडची लांबी ठरवताना तोही जमेस धरावा लागतो. 30 इंची रॉड आणि 4 इंची एक्स्टेंडर मिळून टोक 34 इंचांवर जाते, आणि साइड रॉडही त्या 4 इंचांनी पुढे सरकतात. त्यामुळे पुढचा भार अपेक्षेपेक्षा बराच वाढतो. उंचीने लहान, हाताने हलक्या खेळाडूला मी एक्स्टेंडरसह 26 किंवा 27 इंची रॉडपासून सुरुवात करायला सांगतो.

लाँग रॉडकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही सांगायला हवे. धनुष्याचे तोंड वरखाली होणे आणि डावीउजवीकडे वळणे या दोन हालचालींना तो विरोध करतो. स्वतःच्या अक्षाभोवतीच्या हालचालीला, म्हणजे धनुष्य कडेला कलण्याला, तो जवळजवळ काहीच विरोध करू शकत नाही, कारण त्याचे सगळे वजन त्या अक्षावरच असते. ते काम साइड रॉडचे. साइटमधला, धनुष्य कलले का ते दाखवणारा बुडबुडा मध्यावर राहत नाही म्हणून लाँग रॉड बदलणारे कंपाउंड खेळाडू मी पाहिले आहेत. त्यांचा प्रश्न मागच्या रॉडच्या कोनाचा किंवा पकडीचा असतो.

आता खांद्याविषयी, कारण खरी गोम तिथेच आहे. 70 मीटरच्या रँकिंग फेरीत 72 बाण मारायचे असतात, त्याआधी सरावाचे बाण असतात, आणि त्यानंतर एलिमिनेशनचे (बाद पद्धतीचे) सामने. सगळी जोडणी केलेले रिकर्व्ह धनुष्य सहज अडीच-तीन किलोंपर्यंत जाते आणि प्रत्येक बाणाला ते खांद्याच्या उंचीवर, ताणलेल्या हाताने पेलायचे असते. दुकानात धनुष्य एकदा उचलून पाहिल्यावर ते कोणालाही जड वाटत नाही. वजन आपला हिशेब मागते तो नवव्या-दहाव्या फेरीला (इथे फेरी म्हणजे सहा बाणांची एक खेप).

आमच्या मैदानावर सराव करणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण देतो. तिच्या रॉडच्या टोकाला तीन वजने होती, कारण तिच्याहून मोठ्या मुलींच्या रॉडला तीन असत. पहिल्या काही फेऱ्या तिचे बाण उत्तम पडत. पुढे मात्र तिचा डावा खांदा हळूहळू कानाकडे चढू लागे, तो चढला की कंबर मागे झुके, आणि क्लिकर (बाण पूर्ण ताणला की टिक वाजणारी पट्टी) वाजायला अर्धा-एक सेकंद उशीर होई. त्या उशिरात पिन खाली घसरे आणि बाण सहाच्या सुमाराला, घड्याळातल्या सहाच्या जागी, पडू लागत. घरच्यांना वाटे की तिचे लक्ष उडते. दोन वजने काढून एकच ठेवल्यावर पहिल्या फेरीतली पिन थोडी जास्त हलू लागली, हे खरे, पण शेवटच्या फेरीतली पिन पहिलीसारखीच राहू लागली. मला विचाराल तर मुलांच्या बाबतीत हाच सौदा बरा. वाढत्या वयात चढलेल्या खांद्याने हजारो बाण मारले की ती सवय हाडीमाशी खिळते, आणि पुढे ती सोडवताना प्रशिक्षकाच्या नाकी नऊ येतात. लाकडी रायझरच्या शिकाऊ धनुष्याला तर पहिले काही महिने रॉड लावूच नये. पकड आणि सोडणे ठीक बसल्यावर एक हलका रॉड, टोकाला वजन न लावता, पुरेसा आहे.

कंपाउंडची गोष्ट वेगळी आहे. तिथे पूर्ण ताणल्यावर कॅममुळे (टोकांच्या चाकांमुळे) हातावरचा ताण बराच कमी होतो, खेळाडू स्कोपमधून (साइटवरच्या भिंगातून) जास्त वेळ निशाण धरतो, आणि 50 मीटरवरच्या 80 सेंटिमीटरच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ अवघे 8 सेंटिमीटरचे असते. म्हणून तिथे पुढे आणि त्याहून जास्त मागे अशी बरीच वजने लावली जातात. मागचे वजन पुढच्याच्या दीडपट-दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असणे नवलाचे नाही, कारण मागचा रॉड आखूड असतो आणि तोल साधायला त्याला जास्त भार लागतो. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली, ओजसने तर अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले, आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत कंपाउंडकडे वळणारी मुले वाढलेली मला दिसतात. याचा आनंद मोठा आहे. मात्र अशा खेळाडूंचे फोटो मोठे करून त्यांच्या रॉडवरची वजने मोजायची आणि तेवढीच आपल्या पोराच्या धनुष्याला लावायची, हा प्रकार पालकांनी टाळावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती जोडणी त्या खेळाडूच्या पाठीची, हाताच्या लांबीची आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीची असते.

डॅम्परविषयी फार लिहिण्यासारखे नाही. टोकाजवळचा रबरी तुकडा बाण सुटल्यानंतरचे कंप शोषतो, हाताला बरे वाटते, आणि कोपर-मनगटाला आराम मिळतो. तोपर्यंत बाण निघून गेलेला असतो, त्यामुळे गुणांशी त्याचा थेट संबंध कमी. एवढेच पाहावे की रबर फार मऊ नसावे. वजन बोटाने दाबल्यावर सहज डुलत असेल, तर ताठ नळीसाठी मोजलेले पैसे त्या रबरात वाया गेले असे समजावे. कडक उन्हात रबर लवकर जुने होते, म्हणून अधूनमधून त्यावर भेगा पडल्यात का ते पाहत जावे.

विकत घेण्यापूर्वी शक्य असेल तर दोन वेगळ्या लांबीचे रॉड मागून आणावेत आणि स्वतःच्या धनुष्यावर वापरून पाहावेत. पहिल्या सहा बाणांवरून निर्णय घेऊ नये, कारण नवी वस्तू लावली की माणूस आपोआप जपून मारतो. पूर्ण सराव त्याच रॉडवर करावा, साइड रॉड आणि त्यांचे कोन जसेच्या तसे ठेवावेत, आणि शेवटच्या तीन-चार फेऱ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा बाणांचा पुंजका, पाहावा. पूर्ण ताणून डोळे मिटावेत, एक श्वास थांबून उघडावेत. पिन दरवेळी लक्ष्याच्या खाली गेलेली दिसली तर पुढचा भार जास्त आहे, आणि वर तरंगत असेल तर कमी आहे. ग्रुप आडवा पसरत असेल तर रॉडला दोष देण्याआधी पकड तपासावी. रिकर्व्हमध्ये बाण सुटल्यावर धनुष्य सरळ पुढे जाऊन मग सावकाश तोंड खाली घालते का, हेही कोणाला तरी बाजूने उभे करून पाहायला सांगावे. धनुष्य एका बाजूला उडी घेत असेल, तर हाताने पीळ दिला आहे आणि रॉड फक्त ते दाखवून देतो आहे.

जुना रॉड घेण्यात काही गैर नाही, मला तर नवशिक्यासाठी तोच मार्ग जास्त पसंत आहे, पण घेताना दहा मिनिटे त्यावर खर्च करावीत. दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचे तुकडे चिकटवलेले असतात, ते हाताने पिळून पाहावेत. जरासुद्धा फिरले तर रॉड घेऊ नये. नळीवरून नखाने टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे, आणि कुठे आवाज अचानक बसका झाला तर तिथे आतून तडा असण्याची शक्यता धरावी. कार्बनचे कुसळ बोटात गेले तर फार त्रास देते, म्हणून कापडाने पुसत तपासावे. सपाट काचेवर रॉड लोळवला की बाक लगेच दिसतो. रायझरकडचे आटे सगळीकडे 5/16 इंचाचे, इंचाला 24 अशा मापाचे असतात, त्यामुळे कोणताही रॉड कोणत्याही रायझरला बसतो. टोकावरच्या वजनांचे मात्र तसे नाही. काहींना 5/16 इंचाचा आटा असतो, तर काहींना 1/4 इंचाचा. आपल्याकडची वजने बरोबर नेऊन तिथेच लावून पाहावीत. बसत नसलेले वजन जोर लावून फिरवले तर आटे कायमचे जातात.

रॉड घरी आला की रायझरला हाताने घट्ट बसवावा, मध्ये पातळ रबरी वॉशर ठेवावा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी तो ढिला झाला नाही ना हे चाचपावे, कारण सततच्या कंपाने आटे सुटतातच. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो ठेवू नये, टोकांचा चिकटवलेला जोड उष्णतेने सैल होऊ शकतो. आणि वजन, लांबी, साइड रॉडचे कोन एकदा मनासारखे जमले की ते स्कोअरच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे स्पर्धेच्या गावी धनुष्य पुन्हा जोडताना आठवणीवर विसंबावे लागत नाही.