वीस तारखेनंतरची चित्रकार

तिशी ओलांडलेल्या बाईने 'चित्रं काढून पोट भरायचं म्हणते' असं म्हटलं, की नागपुरात दोनच प्रश्न येतात. घरचं कोण पाहील? आणि पुण्याला जाऊन राहिली का? चित्रं बरी येतात का, हे कोणी विचारत नाही. एका अर्थी बरंच आहे, कारण माझं अडलं होतं ते पैशांपाशी. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी अकाउंट्स सांभाळते, त्यामुळे निदान तेवढा भाग मला कळतो.

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, हे पक्कं होतं. शिकायचं की थेट कामाला लागायचं, हे नव्हतं. बीएफएची, म्हणजे चित्रकलेच्या पदवीची, चौकशी केली. प्रवेशाच्या सीईटीत ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन आणि सामान्य ज्ञान, पुढे चार वर्षं. परीक्षेची भीती नव्हती, शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा झालेल्या आहेत. पण चार वर्षं पगाराविना काढणं घरच्या हप्त्यांत बसेना. तो विषय तिथेच संपला.

मग श्रावणात महालात चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, गेले. कलेवर घर चालवणारी माणसं आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना न विचारता यूट्यूबवर मुंबईच्या लोकांचं ऐकत बसणं मला विचित्रच वाटत होतं. एक काका गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली, पापणीची रेघ एका दमात. ती सुकेपर्यंत माझ्याशी बोलायचे, मग पुढची मूर्ती. वर्षभर काय करता, विचारलं तर म्हणाले, "गणपती झाले की देवी, मग लक्ष्मी. त्याच्यानंतर भिंती रंगवतो. डोळे काढनं सोपं हाय पोरी, उधारी वसूल करनं कठीण."

त्यांची वही मी मागून घेतली (सवयच ती). मंडळाचं नाव, मूर्तीची उंची, बयाणा, बाकी. 'बाकी'च्या रकान्यात गेल्या वर्षीची नावं अजून उभी होती. बयाणा घेतल्याशिवाय माती भिजवायची नाही, हा त्यांचा नियम मी तिथल्या तिथे उचलला.

पहिलं मोठं काम एका प्रकाशकाकडून आलं. 'नमुन्याची दोन पानं पाठवा, पसंत पडली तर पुढे बघू, हक्क सगळे आमचे.' नमुन्याचे पैसे मागितल्यावर फोनवर शांतता. तेव्हा १९५७चा कॉपीराइट कायदा उघडला. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून पेंटिंग काढलं आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. उलट हक्क लेखी सोपवताना मुदत घातली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे सगळा खेळ कागदाचा. मी एका पानाचा मराठी करार केला. पुस्तक कोणतं, आवृत्ती कोणती, बयाणा किती, दुरुस्त्या किती वेळा, आणि मूळ चित्रं माझ्याकडे. त्या प्रकाशकाने सही केली नाही. दुसऱ्या एकाने केली.

उरला उशिरा येणाऱ्या पैशांचा प्रश्न. लहान पुरवठादाराचं बिल फायलीत कसं झोपतं, हे मला कोणी सांगायला नको, कारण ती फाइल माझ्याच टेबलावर असते. म्हणून आधी उद्यम नोंदणी केली, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी. ती फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सूक्ष्म उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्याहून उशीर झाला तर व्याज, शिवाय २०२३-२४पासून देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. हे कलम आल्यापासून आमचे साहेब मार्च जवळ आला की स्वतःहून विचारतात, "लहान पार्ट्यांचं काही बाकी तर नाही नं?" आता माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक असतो.

नोकरी मात्र सोडली नाही. दर महिन्याला जीएसटीचं पहिलं रिटर्न ११ तारखेला, दुसरं २०ला. खरी मारामारी तेवढीच. साहेबांना म्हटलं, २०पर्यंत पूर्ण वेळ येते, पुढचे दिवस माझे, पगार त्या हिशेबाने कापा. त्यांनी आठवडाभर उत्तर दिलं नाही, मग हो म्हणाले. बाबांना हे अजून 'अर्धी नोकरी' वाटतं. आई शेजारणींना सांगते, पोरगी घरून काम करते.

एक गाठ सुटलेली नाही. मार्चमध्ये वर्षअखेर असल्यामुळे २०नंतरही सुट्टी नाही, आणि उन्हाळी सुट्टीच्या पुस्तकांची घाई नेमकी तेव्हाच. यंदा रात्री जागून निभावलं. पुढच्या वर्षी मार्चपुरता साहेबांना दुसरा माणूस घ्यायला सांगायचं, की प्रकाशकाला जानेवारीतच मजकूर मागायचा, ते दिवाळीनंतर बघेन.